श्रेय लाटणाऱ्याला जाब विचारताना या चुका टाळा

अप्रेझल जवळ आलं की कुणीतरी माझ्या टेबलाशी येऊन हेच रडगाणं गातं: शीट मी बनवली, मीटिंगमध्ये मिरवला तो. तक्रार बहुतेक वेळा खरी असते. गडबड होते ती पुढे.

सगळ्यात महागात पडते ती ग्रुपवर काढलेली भडास. आमच्या बीकेसीच्या ऑफिसातल्या एका मुलीने दोन रविवार घालवून व्हेंडर पेमेंटचा हिशोब जुळवला. सोमवारच्या रिव्ह्यूत सहकाऱ्याने तो ‘मी बसवला’ म्हणून दाखवला. ही तेव्हा गप्प. संध्याकाळी कुर्ल्याला अंबरनाथ लोकल पकडली आणि एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने टीमच्या ग्रुपवर टाकलं, ‘काहींना आयत्या बिळावर नागोबा व्हायची सवयच असते.’ ठाणं येईपर्यंत भानावर आली, मेसेज डिलीट केला. पण काहीतरी डिलीट केलंय ही पाटी व्हॉट्सअ‍ॅप मागे ठेवतंच. शिवाय तोवर स्क्रीनशॉट सरांपर्यंत पोचलेला. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये तासभर तिच्या भाषेवर चर्चा. हिशोब कुणी जुळवला, हे कुणी विचारलंही नाही.

मोठ्या साहेबांना सीसी करून मेल? नको. टपरीवर चहा पिताना चारचौघांत टोमणा? त्याहून नको.

दुसरी चूक कच्च्या पुराव्याची. एक्सेलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ऑथर’ म्हणून आपलं नाव दिसलं की पोरं उड्या मारतात. जुन्याच फाइलला ‘सेव्ह अ‍ॅज’ केलं तरी मूळ नाव तसंच राहतं, कधी कधी नोकरी सोडून गेलेल्याचंही. गूगल शीट असेल तर व्हर्जन हिस्टरी उघडा, कुणी कधी काय बदललं ते तारखेसकट दिसतं. मी तर काम संपलं की त्याच दिवशी सरांना दोन ओळींची मेल टाकतो. शॉर्टकटवाल्यांना हे कंटाळवाणं वाटतं, वाटू दे.

बोलायचं ते एकट्याला गाठून, एक-दोन दिवसांत, आणि एकाच प्रसंगाबद्दल. ‘तू नेहमी असंच करतोस’ म्हटलंत की त्याला पळवाट मिळाली. ‘सोमवारी जुळवणी तू केलीस असं सांगितलंस. ती मी केली होती. आज सरांना तसं कळवशील?’ एवढं बोलून थांबा. नवख्यांना ती शांतता सोसत नाही, स्वतःच ‘जाऊ दे रे’ म्हणून मोकळे होतात. ‘अरे, मी टीम म्हणालो होतो’ असं उत्तर हमखास येईल. वाद नको. ‘मग टीममधली नावं मेलमध्ये टाक’ म्हणा. दोन दिवसांत मेल आली नाही, तर त्याला सांगून मगच सरांकडे जा, शीटची लिंक घेऊन.