नाशिकला बर्फ पडेल का? थंडीचा अंदाज घरच्या घरी कसा बांधायचा

डिसेंबर लागला की आपल्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो फिरायला लागतो, द्राक्षाच्या पानांवर पांढरे कण आणि खाली लिहिलेलं 'निफाडला बर्फ पडला' (निफाड म्हणजे नाशिकजवळचा द्राक्षाचा भाग), मग मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारतात खरंच का रे. फोटो बऱ्याचदा खरा असतो, पण तो बर्फ आभाळातून पडलेला नसतो. ते दव असतं, पानावरच गोठलेलं. हा फरक नीट कळला की बाकीचा अंदाज सोपा आहे, म्हणून आधी तेवढं सांगतो.

बर्फ पडायला ढग पाहिजेत आणि शिवाय ढगापासून जमिनीपर्यंतची हवा शून्याच्या आसपास पाहिजे. आपल्याकडे ऐन हिवाळ्यातसुद्धा शून्य अंशाची पातळी साधारण ४ किलोमीटर उंचीवर असते, नाशिक आहे जेमतेम ६०० मीटरवर, कळसूबाईचं टोक धरलं तरी १६४६ मीटर. आणि इथे ढग आले की रात्रीची थंडी उलट कमी होते, कारण ढग जमिनीची ऊब वर जाऊ देत नाहीत, गोधडीसारखं काम करतात. म्हणजे जेव्हा ढग असतात तेव्हा गारठा नसतो आणि गारठा असतो तेव्हा आभाळ कोरडं असतं. त्यामुळे बर्फाची शक्यता शून्य धरून चाला. दव गोठण्याची शक्यता मात्र खरी आहे आणि ती आदल्या संध्याकाळी ओळखता येते.

पहिली पायरी, उत्तरेकडे लक्ष ठेवा. आपली थंडी तिकडून येते. भूमध्य समुद्राकडून जे पश्चिमी झंझावात येतात ते काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ टाकतात आणि ते पुढे सरकले की मागून कोरडे गार वारे राजस्थान, मध्य प्रदेश करत खाली उतरतात. शिमला-मनालीच्या बर्फाची बातमी आली की लगेच स्वेटर काढायची घाई नको, झंझावात पुढे जाऊन तिकडचं आभाळ मोकळं झालं की मग दोन-तीन दिवसांत आपल्याकडे पारा उतरायला लागतो. विंडी अॅपवर वाऱ्याचे बाण बघा, उत्तर किंवा ईशान्येकडून सलग वारा येताना दिसला तर समजायचं की वाट मोकळी आहे.

दुसरी, बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र. नोव्हेंबर-डिसेंबरात तिकडे कमी दाबाचा पट्टा किंवा चक्रीवादळ तयार झालं की बाष्प येतं, आभाळ झाकोळतं आणि थंडी गायब. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाच्या वेळी भर हिवाळ्यात पाऊस झाला होता ते आठवत असेल. २६ नोव्हेंबर २०२३ ला तर गारपीटच झाली, गारांचा पांढरा थर बघून लोक त्यालाही बर्फ म्हणतात, पण गारा उंच वादळी ढगातून पडतात, त्यांचा थंडीच्या लाटेशी संबंध नाही.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. संध्याकाळी सातला चार गोष्टी बघायच्या. आभाळ, वारा, तापमान आणि दवबिंदू. आभाळात चांदण्या लख्ख दिसत असतील आणि झाडाचं पान हलत नसेल तर जमीन रात्रभर ऊब सोडत राहणार. वारा असेल तर वरची थोडी उबदार हवा खाली मिसळते, म्हणून वाऱ्याच्या रात्री अंगाला जास्त झोंबतात पण दव गोठत नाही. चंद्राला खळं पडलं असेल तर वर पातळ ढग आलेत, ते खळं बर्फाच्या बारीक कणांमुळेच दिसतं, म्हणजे नाशिकच्या आभाळात बर्फ असतो, फक्त तो खाली पोचत नाही. ढग असेच वाढले तर त्या रात्री पारा फार उतरत नाही.

दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी व्हायला लागतं ते. हवामान अॅपवर हा आकडा असतो, आपण कधी बघत नाही. पारा उतरत उतरत दवबिंदूला टेकला की दव पडायला सुरुवात होते, दव पडताना थोडी उष्णता बाहेर येते आणि मग उतरण्याचा वेग मंदावतो. म्हणून संध्याकाळचा दवबिंदू १४ असेल तर पहाटे ५ अंश होणं अवघड, पण दवबिंदू ३-४ वर आलेला असेल, वारा पडलेला, आभाळ स्वच्छ, तर काळजी घ्यायची वेळ झाली.

आता आकड्यांबद्दल. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच, जाळीच्या पेटीत असतो. निवांत रात्री गवताजवळची हवा त्याच्यापेक्षा ३-४ अंशांनी गार असू शकते. म्हणून पेपरात ४ अंश छापून येतं आणि शेतात दव गोठलेलं दिसतं, दोन्ही बरोबर असतं. हे स्वतः बघायचं असेल तर दोन साधे तापमापक घ्या, एक छातीच्या उंचीवर बांधा, दुसरा गवतावर उघड्या आभाळाखाली ठेवा, आणि सूर्य उगवायच्या सुमाराला दोन्ही वाचा कारण सगळ्यात कमी पारा तेव्हा असतो. मी मामांच्या बागेत असं केलं तेव्हा वरचा ५ दाखवत होता आणि खालचा १. मोबाइलचा टॉर्च मारला तर बांधावरच्या गवताच्या कडांना साखरेसारखे कण होते, बोट लावलं की पाणी.

शहरात राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, नाशिकच्या कॉलेज रोडवरचं सिमेंट दिवसाची ऊब धरून ठेवतं, निफाड-पिंपळगावकडच्या मोकळ्या रानात, नदीकाठच्या सखल भागात गार हवा येऊन साचते. तिथला आकडा आपल्यापेक्षा खालीच राहणार, डिसेंबर २०१८ च्या शेवटी निफाडला पारा २ अंशांच्या खाली गेला होता. आणि नुसती थंडी वाजली म्हणजे थंडीची लाट नाही, सपाट भागात किमान तापमान १० किंवा कमी आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश खाली असेल तर हवामान खातं लाट म्हणतं, नाहीतर थेट ४ किंवा कमी झालं तरी म्हणतं.

शेवटचं, एक वही करा. रोज संध्याकाळच्या त्या चार गोष्टी आणि सकाळचा किमान पारा, एवढंच. महिन्याभरात तुमच्या गच्चीचा किंवा बागेचा हिशोब तुम्हालाच कळायला लागतो, कुठलं अॅप किती चुकतं तेही. आता मामा रात्री नऊला फोन करतात, मी वही आणि दवबिंदू बघून आज दव गोठेल का ते सांगतो, आणि ज्या रात्री हो म्हणतो त्या रात्री ते पहाटे चारला उठून बागेला विहिरीचं कोमट पाणी सोडतात आणि ओळींमध्ये शेकोट्या पेटवतात.