आधी ‘ती गोष्ट’ कोणती, ते कागदावर लिहा

एमपीएचला (सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला) इम्प्लिमेंटेशन सायन्स, म्हणजे कामाची ठरलेली गोष्ट प्रत्यक्षात लोकांपर्यंत कशी पोचवायची याचं शास्त्र, घेतलं की पहिल्या महिन्यात सगळ्यांना फ्रेमवर्कची धास्ती बसते. सीएफआयआर (काम कशामुळे अडतं किंवा चालतं ते बघायची चौकट), आरई-एम (कुठवर पोचलं ते मोजायची चौकट), प्रॉक्टरचे आठ आउटकम (अंमलबजावणी कशी झाली ते सांगणारे निकष), एरिकच्या ७३ स्ट्रॅटेजी (अंमलबजावणीच्या उपायांची यादी). ही धास्ती सोडून द्या. फ्रेमवर्क पंधरा दिवसांत समजतं. डेझर्टेशन बुडतं ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि तिथे मीही बुडता बुडता वाचले आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

इथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: जी गोष्ट लोकांपर्यंत पोचवायची ती, ती पोचावी म्हणून आपण जे करतो ते, आणि ती किती व कशी पोचली ते. वर्गात हे सोपं वाटतं. सिनॉप्सिस लिहिताना हमखास गल्लत होते.

घरातल्या नवजात बाळाच्या काळजीचंच उदाहरण घ्या. गडचिरोलीत अभय बंग, राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून ही पद्धत राबवली, ४७ गावांशी तुलना केली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. २०११ पासून आशांमार्फत देशभर गृहभेटी सुरू झाल्या. म्हणजे गोष्ट कामाची आहे हे आधीच ठरलेलं आहे. तरीही विषय येतो ‘आशांच्या प्रशिक्षणाचा नवजात मृत्यूंवरील परिणाम’. इथेच फसायला होतं. प्रशिक्षण ही स्ट्रॅटेजी, गृहभेट ही मूळ गोष्ट, मृत्यू हा आरोग्याचा परिणाम. पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारली, मधली पायरी मोजलीच नाही.

आकडेही साथ देत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्राची लोकसंख्या ३० हजार आणि जन्मदर हजारी १५ धरला, तर वर्षाला ४५० बाळं. मृत्यू हजारी १२ धरले तर पाच-सहा. सहा महिन्यांच्या डेझर्टेशनमध्ये दोन-तीन मृत्यूंवर कसली तुलना करणार? मृत्यू मोजूच नका. भेटी झाल्या का, वेळेवर झाल्या का, भेटीत जे करायचं ते झालं का, हे मोजा. हा कमी दर्जाचा प्रश्न आहे असं कुणी गाइड म्हणाले तर नम्रपणे सांगा की या विषयाचा हाच प्रश्न आहे. माझ्या मते ज्यांनी कधी प्राथमिक आरोग्य केंद्र चालवलं आहे असा सहमार्गदर्शक, पन्नास पेपर छापलेल्या मार्गदर्शकापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आता छेद, म्हणजे एकूण किती भेटी व्हायला हव्या होत्या तो आकडा, नीट धरा, कारण पुढची चूक तिथे होते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. सिझेरियन होऊन बाळंतीण पाच-सहा दिवसांनी घरी आली तर सातव्या दिवसापासून पाचच. सरसकट सहाने भागलं की सिझेरियनच्या बाळांची आशा कागदावर कामचुकार ठरते. त्यात आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. गरोदरपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रात, बाळ माहेरच्या आशेकडे, आणि महिन्याभरात आई सासरी परतली की उरलेल्या भेटी कुणाच्या? दोन्ही वह्यांत बाळ असतं किंवा कुठल्याच नसतं. ‘पात्र बाळ’ म्हणजे कोण, हे माहिती गोळा करायच्या आधी एका वाक्यात लिहून ठेवा आणि मध्येच बदलू नका.

भेटीचा फॉर्म हा पुरावा म्हणून एकटा घेऊ नका. २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर आशेला २५० रुपये होते, आणि ते याच फॉर्मवर. सहाही रकाने एकाच पेनाने, एकाच दाबाने भरलेले दिसले तर आशेला दोष देऊ नका, पण दहातल्या दोन घरी जाऊन आईला विचारा: वजन झोळीत घालून केलं का, बाळाचे कपडे वर करून श्वास मोजले का. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, बाळ शांत असताना. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचे. नवजात बाळाचा श्वास एका लयीत नसतो, म्हणून अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेला आकडा फसवतो. नेमकेपणा मोजायचा तो असा, ‘भेट झाली: होय’ या खुणेवर नाही.

स्ट्रॅटेजी लिहिताना ‘पर्यवेक्षण बळकट केले’ असं लिहू नका. कोण, काय, कुणासोबत, केव्हा, किती वेळा, कोणत्या आउटकमसाठी आणि का, ही सात उत्तरं द्या. उदाहरणार्थ: गटप्रवर्तक (आशांची पर्यवेक्षिका) महिन्यातून दोनदा नव्या आशेसोबत तिसऱ्या दिवसाच्या भेटीला जाते, श्वास मोजताना बघते, चुकलं तर तिथेच करून दाखवते, कारण वर्गात शिकलेलं बाळासमोर आठवत नाही. हे वाचून दुसऱ्या तालुक्यातला माणूस तेच करू शकला पाहिजे.

फ्रेमवर्क एकच घ्या. ‘का अडलं’ हा प्रश्न असेल तर सीएफआयआर, ‘कुठवर पोचलं’ असेल तर आरई-एम. मुलाखती झाल्यावर मागून चिकटवू नका, परीक्षकाला ते लगेच दिसतं. तयार इंग्रजी प्रश्नावलीचं भाषांतर करून नेणं हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. ‘अडचणी काय येतात?’ विचारलं की ‘काही नाही’ असंच उत्तर येतं. ‘मागच्या भेटीला घरून किती वाजता निघालात?’ इथून सुरुवात करा. मासिक सभेच्या दिवशी, वैद्यकीय अधिकारी शेजारच्या खोलीत असताना मुलाखत घेऊ नका. आशेच्या गावी जा. पंधराएक चांगल्या मुलाखती पुरतात, घाबरू नका.

परवानग्या दोन: संस्थेची एथिक्स कमिटी आणि जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकारी. एकीची वाट बघत दुसरी थांबवू नका, दोन्हीकडे आधीच चौकशी करा. मार्चअखेर कुणाला वेळ नसतो.

आणि कोडिंग, म्हणजे मुलाखतींतल्या वाक्यांना विषयवार नावं देणं, मराठीतच करा. ‘पाचवीच्या आत बाळ परक्याच्या हाती देत नाहीत’ हे वाक्य भाषांतरात ‘कम्युनिटी रेझिस्टन्स’ झालं की पाचवी गेली, आणि तिच्यासोबत तिसऱ्या दिवसाची भेट नेमकी का चुकते हेही गेलं. इंग्रजी फक्त शेवटच्या तक्त्यात येऊ द्या, आणि तिथेही मूळ वाक्य शेजारी ठेवा.