पद्मिनी घ्यायला निघण्याआधी

बॉनेट सगळ्यात शेवटी उघडा. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी ‘फियाट’, बघायला गेलेला माणूस आधी इंजिनाचा आवाज ऐकतो आणि तिथेच विरघळतो. १०८९ सीसीचं ते इंजिन उतरवून पुन्हा बांधणारे मिस्त्री अजून सापडतात. सडलेला पत्रा आणि अडकलेले कागद मात्र गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे खातात. म्हणून आधी कागद, मग पत्रा, मग बाकीचं.

कागदांत पहिलं आरसी बुक. त्यावरचे चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर-अक्षर जुळवा, मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा. इंजिन कधी बदललं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. ही मुदत संपलेली असेल तर नूतनीकरण विकणाऱ्यानेच करून द्यावं, असा आग्रह धरा. ‘नावावर झाली की करून घ्या’ या वाक्यावर पैसे देऊ नका. १९८९च्या आधीचा, एमएच नसलेला जुना नंबर असेल तर ऑनलाइन नोंद आहे का ते बघा. नसेल तर मूळ आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या नोंदीची ऑनलाइन भरणी, करून घ्यावी लागते, आणि तोवर हस्तांतर पुढे सरकत नाही. हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ म्हणजे तिथलं ना-हरकत पत्र (एनओसी), आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा दिसत असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५. बँक कधीच बंद झालेली असली तरी बोजा आपोआप उतरत नाही.

‘व्हिंटेजमध्ये टाकून घेऊ’, म्हणजे जुनी ऐतिहासिक गाडी म्हणून नोंदवू, असं कुणी म्हणालं तर हिशोब करा. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. फियाट ११०० डिलाइट म्हणून ही गाडी १९६४ पासून कुर्ल्यात बनत होती, पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकातलं. म्हणजे १९९०ची पद्मिनी २०४० पर्यंत व्हिंटेज होत नाही. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज बाहेर काढता येत नाही.

आता पत्रा. सोबत एक लोहचुंबक, पातळ फडकं, टॉर्च आणि बसायला जुनी सतरंजी न्या. पद्मिनीला वेगळी चेसिस फ्रेम नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा, त्यामुळे गंज म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न नव्हे. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि दाराखालच्या पट्ट्यांवरून फिरवा. जिथे धरत नाही तिथे आत पुट्टी आहे. मॅटिंग उचलून फ्लोअर अंगठ्याने दाबा. डिकीत स्टेपनी काढून खाली बघा, बॅटरीचा ट्रे बघा. जॅक लावायची जागा दाबल्यावर कुरकुरली तर तिथून परत फिरा, दुसरी गाडी मिळेल. कोकण-मुंबईत उघड्यावर राहिलेल्या गाडीपेक्षा देशावर गॅरेजमध्ये राहिलेली, रंग उडालेली गाडी बरी.

टॅक्सीतून आलेली गाडी ओळखणं ही वेगळीच कला. रंग कितीही नवा असो, दाराचं रबर एका कोपऱ्यात सोडवून बघा, डिकीच्या बिजागरीमागे टॉर्च मारा. खालून काळा थर किंवा छताच्या कडेला पिवळा दिसला की झालं. डाव्या मडगार्डवर, जिथे बाहेरचा मीटर बसायचा, तिथे बुजवलेली भोकं चुंबकाला लगेच सापडतात. छतावर कॅरिअरच्या खुणाही असतात. टॅक्सी असणं हा गुन्हा नाही, पण ती खासगी झाल्याची नोंद आरसीवर हवी आणि भाव त्याप्रमाणे उतरायला हवा. सीएनजी किट काढलेलं असेल तर ती नोंदही रद्द झालेली असावी.

मग इंजिन, आणि तेही थंड. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर म्हणजे ऑइलमध्ये पाणी, बहुधा हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग) गेलंय. रेस सोडून पुन्हा दिल्यावर निळा धूर आला तर ऑइल जळतंय: इंजिनातले पिस्टनचे रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. वीस मिनिटं चालवून आयडलवर ऑइलचा दिवा लुकलुकला तर बेअरिंग झिजलेत, आणि तो खर्च मोठा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मिस्त्रीकडून मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं, दहा टक्क्यांच्या वर नको. रबरी पेट्रोल पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) जुने असतील तर ते बदलायचेच असं धरून चला, कारण आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ते फुगतात आणि गळतात. गळणारा पाइप गरम इंजिनाजवळच असतो.

चालवताना पहिल्या गिअरला खरखर झाली तर घाबरू नका, त्याला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद जुळवणारी रचना, नाही. गाडी पूर्ण थांबवूनच तो टाकायचा. दुसरा गिअर मात्र आवाज न करता पडला पाहिजे आणि उतारावर पाय उचलल्यावर सुटता कामा नये. ब्रेक जोरात दाबून अर्धा मिनिट धरा. पेडल हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग, गेलाय. जुन्या मॉडेलांत चारही ड्रमना मिळून ब्रेकची एकच लाइन असते, एका चाकापाशी गळती झाली की सगळे ब्रेक जातात.

पार्टसाठी मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. इंजिनाचे पार्ट मिळतात; काचा, दिव्यांचे रिम, क्रोमच्या पट्ट्या यांना मात्र फिरावं लागतं. म्हणून गाडीवर जे नाही ते लिहून काढा आणि त्या कागदावर भाव करा.

व्यवहार झाला तरी त्या दिवशी ती चालवत आणू नका. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, ‘१४१२’ म्हणजे २०१२ चा चौदावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी इतकं जुनं रबर हायवेवर फुटतं. फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर, टाकून आणा, आणि निघायच्या आधी थर्ड पार्टी विमा आपल्या नावावर चालू आहे ना, ते बघून घ्या.