ग्रीस पेटतं का? स्पेलचा अर्थ लागेना की काय करायचं

"मी ग्रीस टाकलंय ना, आता त्यावर मशाल फेकतो." ग्रीस हा जमीन निसरडी करणारा स्पेल, म्हणजे मंत्र. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावरचा रोल-प्लेइंग गेम) खेळताना हे कधी ना कधी येतंच आणि मग गेम बाजूला राहून वादच रंगतो. तुम्ही डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गेम चालवणारा आणि निकाल देणारा) असाल तर असं करून बघा.

आधी स्पेल पुस्तकातून मोठ्याने वाचा, अख्खा. आठवणीवर जाऊ नका. क्रीचर (जीव) लिहिलंय की ऑब्जेक्ट (वस्तू), टार्गेट दिसायला हवं की नुसतं रेंजमध्ये असलं तरी चालेल, एवढ्यावरच बरेच वाद मिटतात. २०१४ च्या नियमांत एल्ड्रिच ब्लास्ट हा हल्ल्याचा स्पेल फक्त क्रीचरवर चालतो, त्यामुळे त्याने दार फोडता येत नाही, फायर बोल्टने येतं.

मग तसाच दुसरा स्पेल उघडा, मला हे सगळ्यात उपयोगाचं वाटतं. वेब या जाळं पसरवणाऱ्या स्पेलमध्ये सरळ लिहिलंय की जाळं पेटतं, आग लागलेला ५ फुटांचा क्यूब एका राउंडमध्ये (सगळ्यांचा एकेक टर्न) जळून जातो आणि त्या आगीत ज्याचा टर्न सुरू होईल त्याला २डी४ (चार बाजूंच्या दोन फाशांची बेरीज) एवढं फायर डॅमेज. ग्रीसमध्ये आगीबद्दल चकार शब्द नाही! पेटवायचंच असतं तर तिथेही लिहिलं असतं ना, म्हणून माझा निकाल, नाही पेटत. २०२४ च्या पुस्तकात तर हे ग्रीस न पेटणारं आहे असं स्पष्टच घातलंय.

लेव्हलही बघा. ग्रीस पहिल्या लेव्हलचा, वेब दुसऱ्या. पहिल्या लेव्हलच्या एकाच स्पेलने पाडताही आलं आणि जाळताही आलं तर बर्निंग हँड्स हा पहिल्याच लेव्हलचा आगीचा स्पेल कोण घेणार?

एवढं करून अडलंच तर दोन मिनिटांत निकाल द्या, वहीत टिपून ठेवा, बाकीची चर्चा सेशननंतर. आणि शत्रूच्या विझार्डलाही तोच निकाल लावायचा हं, नाहीतर प्लेयर्सचा विश्वास उडतो आणि तो परत मिळवणं फार अवघड जातं.

पण नुसतं "नाही" म्हणून सोडू नका, प्लेयरला आग हवीय तर आगीचा रस्ता दाखवा. माझ्या टेबलावर ग्रीसवाला प्लेयर हिरमुसला तेव्हा मी म्हटलं, अरे तुझ्या कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) तेलाची बाटली लिहिलीय बघ. सपाट जमिनीवर ओतली की ५ फुटांचा चौकोन भरतो, पेटवला की २ राउंड जळतो आणि त्यात शिरणाऱ्याला ५ फायर डॅमेज. त्याने पुढच्याच टर्नला ती ग्रीसच्या कडेला ओतली, गॉब्लिन घसरत घसरत बाहेर येणार होते बरोब्बर तिथे.