डोकं शांत करायचंय? मग शेतीपासून सुरुवात नको

निवांत गेम विचारला की हमखास 'स्टारड्यू व्हॅली' या शेतीच्या गेमचं नाव पुढे येतं. गेम झकासच आहे, पण दमून घरी आल्यावर पहिलाच म्हणून तो घेऊ नका. त्यातला एक दिवस साधारण 14 मिनिटांत संपतो आणि कम्प्युटरवर गेम सेव्ह होतो तो त्यातलं आपलं पात्र रात्री झोपल्यावरच. मग पिकांना पाणी, मासेमारी, खाण, सगळं घड्याळाकडे बघत उरकायचं आणि 'अजून एकच दिवस' म्हणत आपली झोप घालवायची.

त्यापेक्षा 'अनपॅकिंग' (2021) बघा. एका मुलीची घरं बदलत जातात, सुरुवात 1997 मध्ये. खोकी उघडायची, सामान लावायचं, बस. वेळेचं बंधन नाही. सगळं लावून झालं की चुकीच्या जागच्या वस्तूंभोवती लाल कडा दिसते. तेवढीही कटकट नको असेल, तर सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन वस्तू कुठेही ठेवायची मुभा देणारा पर्याय सुरू करा. मग टोस्टर पलंगाखाली सारला तरी कुणी हटकत नाही!

अगदी छोटा हवा असेल तर 'अ शॉर्ट हाइक' (2019). क्लेअर नावाची पक्षीण मोबाइलला रेंज मिळावी म्हणून डोंगर चढते. वाट सोडून खुशाल भटका, काही बिघडत नाही.

दोन्ही गेम स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आहेत. नाही रुचला, तर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात.