वस्तीसोबतच्या दंतआरोग्य संशोधनासाठी निधी मागताय? या चुका टाळा

परीक्षक म्हणून प्रस्ताव हातात आला की मी सारांश आधी वाचत नाही. आधी वस्तीत काम करणाऱ्या भागीदार संस्थांची पत्रं वाचते, मग बजेट. बहुतेक प्रस्तावांचं खरं रूप तिथेच दिसतं. दंतआरोग्यातली विषमता कमी करायची, वस्तीतल्या लोकांना बरोबरीने घेऊन संशोधन करायचं, हे सगळे सुरेख लिहितात. पण पत्रं आणि आकडे वेगळंच सांगत असतात.

विषयाच्या गरजेबद्दल वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे, आणि त्यांतले चारपैकी तीन जण मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. बहुतेक समाजांत किडीचा जास्त भार गरिबांच्या वाट्याला येतो. म्हणूनच चांगल्या कल्पना त्याच त्या चुकांनी वाया जाताना पाहून जीव तळमळतो.

भागीदार शेवटी शोधणे

अर्जाची मुदत दोन आठवड्यांवर आली की संशोधकांचे संस्थांना फोन सुरू होतात: "एक सहकार्याचं पत्र हवं होतं, मसुदा आम्हीच पाठवतो." हे वरातीमागून घोडं. मग तीन संस्थांची तीन पत्रं येतात, लेटरहेड वेगळी आणि वाक्यं तीच. परीक्षकाला हे कळत नाही असं नवख्यांना का वाटतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

खरं पत्र ओळखू येतं. त्यात कोण काय करणार, आठवड्यातले किती तास देणार, कशाला नकार देणार हे असतं. पहिल्या आराखड्यातलं काय त्यांनी बदलायला लावलं, तेही असतं. ज्या पत्रात संस्थेने एकही गोष्ट बदलायला लावलेली नाही, त्या संस्थेला कोणी काही विचारलेलंच नसतं.

माझा सल्ला नवख्यांना आवडत नाही, तरी देतेच: वस्तीतल्या संस्थेशी आधीची ओळख नसेल तर या फेरीत अर्ज करू नका. काही निधी संस्था फक्त भागीदारी उभारण्यासाठी आणि नियोजनासाठी छोटं अनुदान देतात. आधी ते मागा. वस्तीतल्या लोकांना संशोधकांवर विश्वास ठेवायला वेळ लागतो, आणि त्याला कारणं आहेत. १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या विपेहोल्म या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या रहिवाशांना मुद्दाम चिकट टॉफी खायला घालून दात कसे किडतात ते पाहिलं गेलं. त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. साखर वारंवार खाल्ल्याने कीड वाढते, या आपल्या ज्ञानाचा मोठा भाग त्यांच्या दातांवर उभा आहे. विश्वास चार दिवसांत मागणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

संस्थेला पदरमोड करायला लावणे

ही चूक मला सगळ्यांत जास्त सलते. एका वस्तीत घरभेटी देणारी महिलांची छोटी संस्था होती. लहान मुलांच्या दातांना फ्लोराइड वार्निश (कीड टाळणारा लेप) लावायचं आणि आयांशी बोलायचं, अशा प्रकल्पात ती भागीदार झाली. करार असा होता, की संस्थेने आधी खर्च करायचा, तिमाही संपल्यावर बिल द्यायचं, मग पैसे मिळणार. पहिलं बिल परत आलं, कारण प्रवासखर्चाच्या पावत्या नमुन्यात नव्हत्या. दुरुस्त करून पाठवलं, ते संशोधन संस्थेच्या लेखा विभागात अडकलं. तोवर समन्वयक ताईंचा पगार संस्थेच्या गंगाजळीतून जात होता. गंगाजळी संपली, पगार थांबला आणि त्या दुसरीकडे कामाला लागल्या. आया त्यांच्या ओळखीवर येत होत्या, त्या यायच्या थांबल्या. अंतिम अहवालात शास्त्रज्ञांनी लिहिलं: "समुदायाचा प्रतिसाद अपेक्षेपेक्षा कमी राहिला." ते वाक्य वाचून आलेला संताप अजून गेलेला नाही.

त्यामुळे मी प्रत्येकाला अर्ज भरण्याआधीच लेखा विभागाशी बोलायला लावते, तेही भागीदार संस्थेला समोर बसवून. आगाऊ रक्कम मिळेल का? पावत्यांचा नमुना कोणता? बिल किती दिवसांत चुकतं होईल? "आमच्याकडे आगाऊ देत नाहीत" असं उत्तर आलं, तर टप्प्याटप्प्याने ठरलेली रक्कम द्यायचा करार मागा. तोही नाही म्हणाले तर निधी देणाऱ्याला विचारा, की संस्थेला थेट पैसे देता येतील का.

संस्थेचं भाडं, वीज, हिशेबनिसाचा पगार हेही खर्चच आहेत. अमेरिकेच्या संघीय अनुदानांत, ज्या संस्थेचा अप्रत्यक्ष खर्चाचा स्वतंत्र दर ठरलेला नाही, तिला १० टक्के दर घेता येत असे. ऑक्टोबर २०२४ पासून ही मर्यादा १५ टक्के झाली. मोठ्या संशोधन संस्था स्वतः याहून कितीतरी जास्त दर लावतात आणि भागीदाराच्या रकान्यात शून्य लिहितात. असं बजेट दिसलं की मी गुण कापते.

इतर चुका, थोडक्यात

तपासून सोडून देणे. मुलाच्या दाताला कीड आहे असं आईला सांगायचं आणि निघून यायचं, हे चालणार नाही. संशोधनाच्या निधीतून उपचार करता येत नसतील तर ते कोण करणार, हे लेखी ठरवा. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड (कीड थांबवणारं द्रव औषध) आणि ग्लास आयोनोमर सिमेंट (दातातला खड्डा भरायचं सिमेंट) २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. ड्रिलशिवाय बरंच काही करता येतं.

दोन वर्षांच्या प्रकल्पात डीएमएफटी हा एकच निकष ठेवणे. किडलेले, काढलेले आणि भरलेले दात मोजणारा हा निर्देशांक १९३८ पासून वापरात आहे. पण तो आयुष्यभराची बेरीज आहे, उपचार करून खाली येत नाही. दुखणं, बुडालेली शाळा, उपचाराविना राहिलेली कीड हेही मोजा. काय मोजायचं ते आयांना विचारा.

सगळा दोष अज्ञानाला देणे. नवाहो नेशन या अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या स्वशासित प्रदेशात, हेड स्टार्ट या गरीब मुलांसाठीच्या सरकारी योजनेच्या बालवाड्यांत, त्याच समाजातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी वार्निश लावलं आणि पालकांशी संवाद साधला. २०१६ मध्ये निकाल आला. पालकांची माहिती वाढली, पण किडीत फरक पडला नाही. मुलं बालवाडीत आली तेव्हाच अनेकांचे दात किडलेले होते. तुमच्या प्रस्तावात "जनजागृती" हाच एकमेव उपाय असेल तर हा निकाल आधी नीट वाचा, आणि पहिला दात येण्याच्या वयापासून सुरुवात करायला पैसे मागा.

माहितीची मालकी न ठरवणे. नवाहो नेशनचं स्वतःचं संशोधन परीक्षण मंडळ आहे आणि शोधनिबंध छापण्याआधी त्याची मंजुरी लागते. तुमच्या भागीदाराकडे असं मंडळ नसलं, तरी निबंध आधी कोण वाचणार हे करारात लिहा.

प्रस्ताव नामंजूर झाला तर परीक्षकांचे शेरे त्याच दिवशी भागीदार संस्थेला पाठवा, सौम्य करून नव्हे, जसेच्या तसे. बरेच संशोधक संकोचाने ते लपवतात, आणि पुढच्या फेरीला पुन्हा पत्राचा मसुदा पाठवतात.