प्रॉडक्ट हंटवर फॉलोअर्स हवेत? आधी दुसऱ्यांचं वापरून बघा

ॲप लाँच करायची वेळ येते तेव्हा प्रॉडक्ट हंटवर (नवी ॲप्स जिथे मांडतात आणि लोक त्यांना मतं देतात ती वेबसाइट) आपल्याला ओळखणारं कुणी नसतं. बेळगावातल्या वडगावच्या विणकरांसाठी ॲप करताना मला हे उपयोगी पडलं:

१. खातं स्वतःच्या नावाने, फोटोसकट उघडा. कंपनीच्या नावाने नको.

२. लाँचच्या महिनाभर आधीपासून रोज एक नवं प्रॉडक्ट खरोखर वापरा आणि कुठे अडलं ते लिहा. नुसतं "छान आहे" लिहिलं तर कुणी वळूनही बघत नाही. मी एका बिलाच्या ॲपमध्ये एकाच पावतीवर मराठी आणि कन्नड टाकून पाहिलं. कन्नड जोडाक्षरं तुटली. स्क्रीनशॉटसकट कळवलं, तर बनवणाऱ्याने त्याच दिवशी उत्तर देऊन मला फॉलो केलं. बेळगावात आपला रोजचा व्यवहारच दोन भाषांत, त्यामुळे अशा चुका आपल्याला पटकन दिसतात.

३. प्रॉडक्ट हंटवर नव्या प्रॉडक्ट्सचा दिवस अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेनुसार रात्री १२:०१ ला सुरू होतो. आपल्याकडे साधारण मार्च ते नोव्हेंबर दुपारी १२:३१, एरवी १:३१. तेव्हाच बसा, नवी प्रॉडक्ट्स आल्या आल्या बघता येतात.

एक सांभाळा: व्हॉट्सॲप ग्रुपवर "अपव्होट द्या" (म्हणजे मत द्या) असं मागू नका, ते नियमात बसत नाही. "बघून काय वाटलं ते सांगा" एवढंच म्हणा.